पावसाचें पाणी आणि मोटारीची डिकी

शब्द हे इतिहासाचे अबोल साक्षीदार असतात, हें सूत्र भाषापंडितांनीं प्राचीन ग्रंथांतील शब्दांस लावून दाखविलें आहे. पण मोटारदुरुस्तीच्या दुकानांतील शब्दांसही तें तितकेंच लागू पडतें, याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. नाशिक रोडच्या एखाद्या गॅरेजापाशीं श्रावणाच्या दिवसांत घटकाभर उभें राहिलें, तर ‘डिकींत पाणी येतें’ आणि ‘स्टेपनीखालीं पाणी साचतें’ हीं दोन वाक्यें हटकून कानावर पडतात. यांतील डिकी व स्टेपनी हे दोन्ही शब्द ज्या इंग्रजींतून आपण उचलले, त्या इंग्रजीच्या नित्याच्या बोलण्यांतून या अर्थानें ते जवळजवळ लोपले आहेत. मराठींत मात्र त्यांनीं ठाण मांडलें आहे. आणि मोटार व पाऊस यांच्या शंभर वर्षांच्या झगड्याची हकीकत त्यांच्याच पोटांत दडलेली आहे.

डिकी हा शब्द मोटारीहून जुना. घोड्यांच्या गाड्यांच्या काळीं गाडीच्या मागील अंगास चाकरांकरितां जी उघडी बैठक असे, तिला तो लावीत. पुढें दोन आसनांच्या मोटारी आल्या, तेव्हां त्यांच्या पाठीमागें एक झांकण ठेवूं लागले. तें मागें उलटलें कीं त्याचीच पाठ होऊन आणखी दोन माणसांची सोय होई. मालक टपाखालीं कोरडा आणि डिकींतला मनुष्य उघड्यावर, अशी ही व्यवस्था होती. सामानाची पेटी वेगळी; ती गाडीच्या मागें पट्ट्यांनीं आवळून बांधीत. पुढें ती पेटी गाडीच्या अंगांतच विरघळली, तरी अमेरिकेंत तिचें ‘ट्रंक’ हें नांव कायम राहिलें. इंग्रजांनीं जुन्या टपालगाडींतील सामानाच्या कप्प्याचें ‘बूट’ हें नांव चालविलें. आपण मात्र चाकराच्या बैठकीचें नांव सामानाच्या खणास दिलें. १९३९ च्या सुमारास अमेरिकन कारखान्यांनीं हीं उघडीं आसनें सोडून दिलीं. इंग्लंडांत १९४६ ते १९४९ या काळांत निघालेली ट्रायम्फ रोडस्टर ही तसल्या बैठकीची शेवटची गाडी म्हणतां येईल.

स्टेपनीची कथा याहून लहान. वेल्समधील लॅनेली गांवच्या टॉमस मॉरिस डेव्हिस यानें १९०४ मध्यें जादा चाकाची युक्ति काढली. त्याचा कारखाना स्टेपनी नांवाच्या रस्त्यावर होता, आणि त्या रस्त्याचें नांव चाकास चिकटून आपल्याकडे आलें. हें चाक प्रथम गाडीच्या बाहेर, बाजूस किंवा पाठीस लटकत असे. डिकीच्या तळांतील खड्ड्यांत तें पुष्कळ उशिरां शिरलें. तो खड्डा म्हणजे गाडीच्या मागील भागांतील सर्वांत सखल जागा. तेव्हां पाणी कोठूनही शिरो, त्याचा मुक्काम तेथेंच पडावयाचा.

उघड्या डिकीच्या काळांत गळतीची तक्रार कोणी करीत नसे. फळ्यांच्या फटींतून पाणी येई आणि तसेंच निघून जाई. गळती हा दोष कोरडेपणाचें वचन दिल्यानंतर जन्मास येतो. नाशिक रोडचा इतिहासही या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. आगगाडीचें स्टेशन शहरापासून कितीतरी दूर पडल्यामुळें ही वस्ती उदयास आली. स्टेशनापासून जुन्या नाशकांतील मेन रोडपर्यंत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांपर्यंत ट्राम चालत असे; आरंभीं ती घोडे ओढीत. त्या काळच्या उतारूस शिंतोडे हे प्रवासाचेच अंग वाटत. परंतु १९२५ मध्यें येथें सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ मध्यें नोटांचा छापखाना निघाला, आणि ज्यांचा सारा धंदा कागदाच्या कोरडेपणावर उभा, अशा कारखान्यांचें हें गांव झालें. दमट हवेंत तिकिटांचा गोंद सुटतो व तीं एकमेकांस चिकटून बसतात, हें पावसाळ्यांत तिकिटें पाकिटांत ठेवणारा प्रत्येक गृहस्थ जाणतो.

पाण्याशीं वागण्याच्या मनुष्यानें दोन रीती शोधल्या आहेत. एक कौलारू घराची, दुसरी गच्चीची. कौलांच्या छपरास शेंकडों फटी असतात; तरी तें गळत नाहीं, कारण एक कौल दुसऱ्यावर चढविलेलें असतें आणि उतार पाण्यास पन्हळीकडे नेतो. गच्चीस एकही फट नसावी अशी अपेक्षा असते, म्हणूनच केसाएवढी चीर पडली तरी खालच्या खोलींत भांडीं मांडावीं लागतात. पहिल्या रीतीनें पाण्यास वाट दिली जाते; दुसरीनें त्याची वाट अडविली जाते. मोटारीची घडण पहिल्या रीतीकडून दुसरीकडे गेली, आणि आजची तिची दुखणीं बऱ्याच अंशीं या स्थित्यंतरांतून उद्भवलीं आहेत.

१९१४ च्या सुमारास अमेरिकेंत अवघ्या पोलादाचे सांगाडे निघूं लागले, तरी छताचा मधला भाग कापडाचाच असे. जनरल मोटर्सच्या १९३५ सालच्या नमुन्यांपासून सलग पोलादी छताचा प्रघात पडला. पत्र्याचे तुकडे एकमेकांवर ठेवून ठिकठिकाणीं विजेच्या टाक्यांनीं जोडतात. दोन टाक्यांमध्यें कागदाएवढी फट राहते, आणि अशा अरुंद फटींत पाणी स्वतःहून ओढलें जातें. दिव्याच्या वातींत तेल चढतें तो हाच निसर्गनियम. म्हणून प्रत्येक सांध्यावर चिकट लेप भरावा लागतो. झांकणाच्या कांठास रबराची पट्टी लागते. चार्ल्स मॅकिन्टॉश यानें १८२३ मध्यें रबराचें जलाभेद्य कापड केलें. पण तें उन्हांत चिकट व थंडींत ताठर होई. १८३९ मध्यें चार्ल्स गुडइअर यास गंधक व उष्णता यांनीं रबर टिकाऊ करण्याची युक्ति सांपडली. तथापि नैसर्गिक रबर ऊन आणि हवेंतील ओझोन यांनीं तडकतेंच. १९६० नंतर ईपीडीएम नांवाचें कृत्रिम रबर प्रचारांत आलें, तेव्हां या पट्ट्यांचें आयुष्य पुष्कळ वाढलें.

आपल्या मध्यमवर्गाची मोटारींशीं ओळख झाली ती मुख्यतः दोन गाड्यांच्या द्वारें. एक उत्तरपाड्याची अँबॅसडर. ती मॉरिस ऑक्सफर्डच्या धर्तीवर १९५७ च्या सुमारास निघाली व २०१४ मध्यें बंद झाली. दुसरी कुर्ल्याची फिआट, जी पुढें पद्मिनी म्हणून नांवारूपास आली. दोहोंसही भरघोस डिकी होती. लग्नाचे बिछाने, आंब्याच्या पेट्या, दिवाळीचे डबे, सारें तींतून गेलें. नाशिकच्या सातपुरांतही २००७ पासून महिंद्र-रेनो यांची लोगान तयार होऊं लागली. तिच्या डिकींत ५१० लिटर जागा होती, आणि पुढें ती व्हेरिटो नांवानें चालली. नाशिक शहरांत वर्षाकांठीं ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर मुंबईच्या वाटेवरील इगतपुरीस सुमारें ३,०००. नाशकांत कोरडी ठणठणीत राहणारी डिकी कसारा घाट उतरतांच ओली कां होते, याचें उत्तर या दोन आंकड्यांत आहे.

आतां शोधाची पद्धति. येथें पहिलें तत्त्व असें कीं, पाणी जेथें दिसतें तेथें तें शिरलेलें नसतें. वैद्यानें वेदनेच्या स्थानावरून रोगाचें स्थान लगेच ठरवूं नये, तसेंच हें. प्रथम सर्व सामान, सतरंजी व स्टेपनी काढून तळ पुसून कोरडा करावा. मग सांध्यांवर खडूची पूड भुरभुरावी. ओघळ जेथून निघेल तेथें पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. मागच्या आसनाची पाठ पाडून एकानें विजेरी घेऊन आंत पाहावें, आणि दुसऱ्यानें बाहेरून नळीनें संथ पाणी सोडावें. पाणी खालून वर न्यावें. आरंभींच वरून ओतलें तर सगळींच भोकें एकदम बोलूं लागतात, आणि मूळ अपराधी कोण तें कळत नाहीं. प्रथम बंपरमागील हवेच्या झडपा, मग मागचे दिवे, नंतर झांकणाचा कांठ, बिजागऱ्या, आणि शेवटीं मागील कांच व छतावरील एरियलचें भोंक. प्रत्येक ठिकाणीं पांच मिनिटें थांबावें.

रबराच्या पट्टीची परीक्षा तर कागदानें होते. झांकणांत एक नोट धरून तें बंद करावें व नोट हळूच ओढावी. ती अडली तर पट्टी नीट दाबली जात आहे. सहज सुटली तर तेथें वाट आहे. नोटा छापणाऱ्या गांवांत नोटेचा हा उपयोग वाचकांस मौजेचा वाटेल. पण कसोटी खरी आहे.

उपायांत मुख्य विवेक हा कीं, शोधापूर्वीं लेप लावूं नये. बाहेरून जागोजाग सिलिकॉन फांसण्याची जी घाई होते, तिनें पुष्कळदां पाणी आंतच कोंडलें जातें. शिवाय ज्या सिलिकॉनला शिरक्याचा वास येतो, त्यांतील आम्ल पत्र्यास गंजवितें. दिव्यामागील चपटें झालेलें रबर बदलावें; सांधा खरवडून, वाळवून, मगच मोटारीसाठीं केलेला लेप भरावा; झांकण सैल असेल तर कुलपाची कडी सरकवावी. आणि हें सर्व करण्याआधीं पन्हळींतील पाला व चिखल काढावा. कित्येकदां दोष रबराचा नसून पिंपळाच्या एका पानाचा असतो.

एवढ्याशा पाण्याचा एवढा बाऊ कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, पूर्वींच्या पुष्कळ गाड्यांत भार पेलणारी चौकट निराळी असे. बहुतेक आधुनिक गाड्यांत पत्र्याचें कवच हीच चौकट आहे. स्टेपनीखालचा गंज हा म्हणून शोभेचा प्रश्न राहत नाहीं. मागून धडक बसली असतां ज्यानें कुटुंबाचें रक्षण करावयाचें, तोच पत्रा आंतून खाल्ला जात असतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि असंख्य मोटारी बुडाल्या. अशा पुरांत बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकावयास येते, तेव्हां तिचें पूर्वचरित्र वाचण्याची जागा हीच. स्टेपनी उचलावी; खाली वाळलेल्या गाळाची रेघ किंवा गंजलेले बोल्ट दिसले, तर विक्रेत्याच्या गोड शब्दांपेक्षां त्यांवर अधिक विश्वास ठेवावा.

सारांश, कौलारू घर बांधणाऱ्या गवंड्यास जें ठाऊक होतें, तेंच मोटारीच्या कारागिरास पुन्हां शिकावें लागलें आहे. आजच्या उत्तम गाड्यांतही रबराच्या पट्टीबाहेर एक पन्हळ ठेवलेली असते. कारण पट्टी कधीं ना कधीं हरणार, हें गृहीत धरलेलें असतें. पाण्यास अडवावें खरें, पण त्यास जाण्यासाठीं वाटही राखावी.