गाण्याने पोट भरते का?

मुलीला गाणे शिकवायचे म्हटले की आमच्या युसूफ वडगावात पहिला प्रश्न हाच येतो. भगिनींनो, हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका गवयाने मनावर घेतला होता.

कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांची दृष्टी लहानपणी फटाक्याने अधू झाली, म्हणून त्यांना मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाण्यास घातले. त्या काळी गुरूघरी पडेल ते काम करावे आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा विद्या पदरात पाडून घ्यावी, अशी रीत होती. शिकून झाल्यावरही कोणा संस्थानिकाचा आश्रय पाहावा लागे.

बुवांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, तेही लोकांच्या वर्गणीवर. तेथे ठरलेला अभ्यासक्रम होता, छापील पुस्तके होती, परीक्षा होत्या. १९०८ साली शाळा मुंबईसही आली. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांचा उपदेशक वर्ग. त्यात मुलाला नऊ वर्षांच्या कराराने राहावे लागे. राहणे, जेवण, शिकणे सारे फुकट. गाण्याबरोबर दुसऱ्याला शिकवावे कसे, हेही शिकवीत. नऊ वर्षे म्हणजे पोराचे सारे बालपणच की! आयांनी कोणत्या काळजाने धाडले असेल, हे आपण जाणतोच.

पण बुवांची मुले उघड्यावर पडली नाहीत. ओंकारनाथ ठाकूर १९१६ साली, विशीही उलटली नव्हती तेव्हा, लाहोरच्या शाळेचे प्राचार्य झाले. देवधर मास्तरांनी १९२५ साली मुंबईस स्वतःची शाळा काढली. विनायकबुवा पटवर्धन तर बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत नाव कमावून होते; ते सोडून १९३२ साली त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. पलुसकरबुवांच्या स्वतःच्या वाट्याला मात्र कर्ज आले आणि मुंबईच्या इमारतीचा लिलाव झाला. १९३१ साली ते मिरजेस वारले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या परीक्षा त्याच मंडळाच्या.

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या ह्या शाळा आपल्या आजीला परमुलखातल्याच.

विशारद झाली म्हणून मैफल मिळत नाही, हे मुलीला आधीच सांगावे. मैफलीला गुरूसमोर बसून वर्षानुवर्षे रियाज लागतो. परीक्षेने राग ओळखता येतो, ताल हातावर देता येतो, बंदिश स्वरलिपीत लिहिता येते. एवढ्यावर घरी पेटी मांडून चार मुलींची शिकवणी घेता येते, आणि महिनाअखेरीस हाती येणारे पैसे कोणाकडे मागावे लागत नाहीत.