हात लावू नका

20 एप्रिल 2005. सोलापूरच्या पूर्वेला, हैदराबाद रोडलगतच्या रानात तुम्ही उभे आहात. शाळू कधीच निघालाय, काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्यात, ऊन मी म्हणतंय. या भागात अधूनमधून एक सूचना निघते: टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद केंद्रातून सोडलेल्या फुग्यांची उपकरणं विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर या पट्ट्यात कुठेही उतरू शकतात. रंगीत पॅराशूट आणि दोराला लटकलेल्या पेट्या दिसल्या तर हात लावू नका, पोलिसांना कळवा.

आज मात्र तुम्ही खालून बघत बसणार नाही. हैदराबादहून निघालेल्या फुग्याच्या 459 किलोच्या पेटीला धरून तुम्ही वर चाललाय. वीस किलोमीटर, तीस, एक्केचाळीस. माथ्यावरचं आभाळ भरदिवसाही काळं. पेटीतल्या निर्जंतुक पोलादी नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडालेल्या आहेत. झडप उघडली की विरळ हवा आत ओढली जाऊन गोठते. अवकाशातून पृथ्वीवर जीव येत असतील का, हा प्रश्न कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी असा थेट नळीत धरायला घेतला आहे.

मार्च 2009 मध्ये डोकवा. पुण्याच्या आणि हैदराबादच्या प्रयोगशाळांना त्या हवेत जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती मिळाल्यात. अतिनील किरणांना त्या चिवटपणे तोंड देतात. एकीला आर्यभटाचं नाव मिळालं. तरी इस्रोने स्पष्ट सांगितलं, की हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत हे यावरून सिद्ध होत नाही. मला या प्रयोगातलं सर्वांत मोलाचं हेच वाक्य वाटतं. पुढे आर्यभटाच्या नावाची ती प्रजाती मध्य भारताच्या काळ्या मातीत, सोयाबीनच्या मुळांशीही सापडली. मग ती वरून खाली आली, की खालून वर गेली?

आता 2050 च्या पुढे चला, शनीच्या एन्सेलॅडस या चंद्रावर. ऑर्बिलँडर मोहीम आज प्रस्तावच आहे: 2038 च्या सुमारास उड्डाण, आधी प्रदक्षिणा, मग दक्षिण ध्रुवाजवळ उतरणं. ती मंजूर झाली असं धरू. पायाखालचा बर्फ उणे दोनशे अंशांच्या आसपास. सत्तर किलोचा माणूस इथे किलोभरही भरत नाही. समोर शंभराहून जास्त किलोमीटर लांबीच्या भेगा, आणि बर्फाखालच्या समुद्राचं पाणी त्यांतून फवाऱ्यांनी उसळतंय. कॅसिनी यानाला हे फवारे सापडले तेही 2005 मध्येच. त्यांत मीठ मिळालं, हायड्रोजन मिळाला, 2023 मध्ये फॉस्फेटही.

यानावरच्या नरसाळ्यात बर्फाचे कण पडतायत. तुमचा हात पुढे जातो. थांबा! हातमोज्याच्या शिवणीत त्या काळ्या रानातला एखादा जिवाणू लपून आला असेल, तर इथे काय सापडलं याचं उत्तर कुणालाच देता येणार नाही.

म्हणून या बर्फाआधी मला एक कोरी कुपी तपासलेली हवी आहे, पृथ्वीवरच निर्जंतुक करून बंद केलेली. तिच्यात काही निघालं तर पुढचा निकाल मी मानणार नाही. काही निघालं नाही, तरच हा बर्फ वितळवा, अमिनो आम्लांच्या डाव्या-उजव्या रूपांचं प्रमाण मोजा, पेशीसारखं काही दिसतं का ते सूक्ष्मदर्शकातून बघा. निकाल घरी पोचायला सव्वा तासाच्या आसपास वेळ लागेल. त्यावरचे वाद वर्षानुवर्षं चालतील, आणि ते चालायलाच हवेत.