रॉक मशीन ते इंडस क्रीड : पुनर्श्रवणाची पद्धत

आवडत्या बँडचा जुना अल्बम चाहता पुन्हा लावतो, तेव्हा त्याच्या कानावर एकाच वेळी तीन गोष्टी पडतात. बँडनं स्टुडिओत वाजवलेलं संगीत, ते ज्या यंत्रातून आपल्यापर्यंत आलं त्या यंत्राची छाप, आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच्या वयाची आठवण. या तिन्हींची सरमिसळ झाली की ‘पहिलं तेच भारी होतं’ किंवा ‘आता त्यात काही उरलं नाही’ असे निकाल लागतात. बहुतेकदा ते निकाल संगीताबद्दल नसतातच. चाहत्याला समीक्षक मानायला लोक कचरतात ते यामुळेच. तरीही एकच ध्वनिमुद्रण इतक्या वेळा, इतक्या बारकाईनं ऐकलेला माणूस चाहत्याखेरीज दुसरा मिळत नाही. या तीन गोष्टी सुट्या करता आल्या, तर चाहत्याचं ऐकणं हा भक्कम पुरावा ठरतो, असं माझं ठाम मत आहे.

विवेचनासाठी मी मुंबईचा बँड घेतो. 1984 मध्ये तो ‘रॉक मशीन’ या नावानं उभा राहिला. ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा त्याचा पहिला अल्बम 1988 चा आणि ‘द सेकंड कमिंग’ 1990 चा. 1993 मध्ये नाव बदलून ‘इंडस क्रीड’ झालं आणि त्याच नावाचा अल्बम 1995 मध्ये आला. 1997 मध्ये बँड थांबला, 2010 मध्ये पुन्हा जमला आणि 2012 मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला. पहिल्या अल्बमपासून शेवटच्यापर्यंत चोवीस वर्षं आणि अवघे चार अल्बम. इतकी आटोपशीर सामग्री असल्यामुळे एकेक गाणं सावकाश तपासता येतं.

ऐकण्याचं ठिकाण सिरसाळा, परळी तालुक्यातलं, परळीहून तेलगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. मुंबईच्या चाहत्याला धोबी तलावचं रंगभवन होतं, 1986 पासून इंडिपेंडन्स रॉकचा मेळा होता. त्यानं हा बँड घामाघूम होऊन वाजवताना पाहिला. आमच्याकडे आली ती कॅसेट. मुंबई-पुण्याला नोकरीला गेलेल्या कुणीतरी आणलेली, आणि तिच्यावरून दुसऱ्या कोऱ्या कॅसेटवर भरून घेतलेली. त्यामुळे सिरसाळ्याच्या चाहत्याच्या मनात प्रत्यक्ष कार्यक्रमाची आठवण मिसळलेली नाही. त्याच्यापुरता अल्बम म्हणजेच बँड. अल्बमचं परीक्षण करायला ही उणीव मला उपयोगाचीच वाटते.

आधी यंत्र. फिलिप्सनं 1963 मध्ये बाजारात आणलेल्या कॅसेटची फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकते, आणि हा वेग नेमका राहिला तरच सूर नेमका राहतो. परळीला औष्णिक वीज केंद्र असूनही सिरसाळ्यात लोडशेडिंग तासन्‌तास चाले, तेव्हा टेपरेकॉर्डर सेलवर लागे. सेल उतरू लागले की मोटर मंदावते आणि गाणं खाली बसतं. हे मोजता येतं. वेग साधारण सहा टक्के घटला की सूर अर्ध्या स्वरानं उतरतो. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की पांढरी तीन वाजते. उतरलेल्या सेलवर तीच काळी दोन होते, आणि गाण्याची लय तेवढीच जड होते. ज्यानं वर्षभर गाणं असं ऐकलं, त्याच्या कानात काळी दोनच पक्की बसते. पुढे तेच गाणं मोबाइलवर मूळ सुरात लागलं की त्याला ते उथळ, घाईचं वाटतं. हा दोष गाण्याचा नाही आणि ऐकणाऱ्याचाही नाही. पुनर्श्रवणाच्या आधी पेटी घेऊन षड्ज जुळवून पाहावा, एवढाच याचा अर्थ.

भरून घेतलेल्या कॅसेटमध्ये आणखी एक गोष्ट घडते. प्रत्येक नकलेत फितीची सरसर वाढते आणि वरचे, चमकदार नाद पुसट होतात. हेड किंचित तिरकं बसलेलं असेल तर झांजांची धारच जाते. मग ड्रमर झांजा हात राखून वाजवतो असं वाटू लागतं.

सर्वांत मोठा घोटाळा मात्र खालच्या टोकाला आहे. बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 कंपनं करते. एका छोट्या स्पीकरच्या टेपरेकॉर्डरमधून शंभराच्या खालचं फारसं काही बाहेर पडतच नाही. तरी बेस अजिबात नाही असं कुणाला वाटत नाही, कारण 123, 164 ही त्याच स्वराची वरची कंपनं ऐकू आली की मेंदू गाळलेला मूळ स्वर स्वतः भरून काढतो. म्हणजे आम्ही बँडच्या मार्क सेल्विनचा बेस वर्षानुवर्षं ऐकला तो अर्धा अनुमानानं. स्वर कळत होता, वजन कळत नव्हतं. आज बऱ्या स्पीकरवर पहिले दोन अल्बम लावले की गिटारमध्ये नवं फारसं सापडत नाही, ती पाठच असते. नवा सापडतो तो बेस. ‘सुरुवातीचे अल्बम पोकळ आहेत’ हा जुना शेरा यामुळे बराच सौम्य करावा लागतो. पोकळीचा काही भाग तेव्हाच्या ध्वनिमुद्रणाचा आहेच, पण मोठा भाग आमच्या स्पीकरचा होता.

तुलना करताना आवाजाची पातळीही सारखी हवी. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवून दिलं की हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे आणि वरचे नाद कमी ऐकू येतात, मधले तेवढे टिकतात. जुना अल्बम घरात कुणी झोपलंय म्हणून हळू ऐकायचा आणि नवा हेडफोन लावून मोठ्यानं, मग नव्यात भरीवपणा आहे म्हणायचं, ही तुलना नव्हे.

आता प्रत्यक्ष संगीत. हार्ड रॉकच्या गिटारचा कणा म्हणजे ज्याला वादक पॉवर कॉर्ड म्हणतात तो स्वरमेळ. त्यात दोनच स्वर असतात, षड्ज आणि पंचम. गंधार नसतो. मेळ आनंदी की उदास हे गंधार ठरवतो, शुद्ध असेल तर एक रंग आणि कोमल असेल तर दुसरा. तोच गाळल्यामुळे गिटार रंगाच्या बाबतीत मोकळी राहते आणि रंग भरायचं काम गायकाकडे जातं. गंधार गाळण्यामागे सौंदर्यदृष्टीइतकंच ध्वनिशास्त्रही आहे. अ‍ॅम्प्लिफायर ताणून आवाज खरखरीत केला की दोन स्वरांच्या बेरीज-वजाबाकीतून नवे नाद जन्मतात. षड्ज-पंचमाचं प्रमाण दोनास तीन. वजाबाकी एक, म्हणजे त्याच षड्जाचा खालच्या सप्तकातला जोडीदार. तो बेसुरा तर नसतोच, उलट मेळाखाली पाया घालतो. गंधार मिसळला की असे नाद एकमेकांत अडकतात आणि चिखल होतो.

तंबोऱ्याच्या षड्ज-पंचमावर आणि भजनाच्या पेटीवर वाढलेल्या मराठवाड्याच्या कानाला हा मेळ परका वाटत नाही, तो यामुळे. सिरसाळ्यात इंग्रजी शब्द कळत नसतानाही ही गाणी धरून ठेवत, याचं कारण बंडखोरीच्या आकर्षणात शोधण्यापेक्षा मी इथे शोधतो. गोंधळात संबळाचा जाड आणि बारीक आवाज जसे एकमेकांना प्रश्न-उत्तर करतात, तसे ड्रमचा पायानं वाजणारा मोठा ढोल आणि हातानं वाजणारा खणखणीत स्नेअर बोलतात. हा हिशेब आमच्या लोकांना कुणी शिकवावा लागला नाही.

आठवणीबद्दल थोडक्यात. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं 1968 मध्ये मांडलं की नुसत्या वारंवार परिचयानंही वस्तू आवडू लागते. अल्बममधलं गाजलेलं गाणं परिचयाच्या या बळावर उभं असतं, म्हणून परीक्षण तिथून सुरू करू नये. ‘टॉप ऑफ द रॉक’ आणि ‘प्रिटी चाइल्ड’ ही दोन गाणी मी शेवटी ठेवतो. ज्यांचा व्हिडिओ झाला नाही, जी फीत पुढे पळवताना ओलांडली जात, त्यांच्यावर अल्बमचं खरं बळ कळतं.

या पद्धतीनं चारही अल्बम ओळीनं ऐकले की एक सूत्र हाती लागतं. प्रत्येक अल्बममध्ये षड्ज-पंचमाचा तो कणा कुणाच्या हाती आहे, ते पाहायचं.

1988 मध्ये तो पूर्णपणे महेश तिनईकर आणि जयेश गांधी यांच्या गिटारींकडे आहे. झुबिन बालापोरियाचा कीबोर्ड बहुतेक वेळा त्यावर मुलामा चढवतो. उदय बेनेगलचा आवाज उंच, ताणलेला, गिटारच्या वर चढायला पाहणारा. घडण त्या दशकातल्या अमेरिकी-ब्रिटिश हार्ड रॉकची आहे, यात शंका नाही. पण परदेशी वाद्यं आणि अ‍ॅम्प्लिफायर मिळणं मुश्कील होतं, श्रोते परकी गाणीच मागत होते, अशा काळात पूर्ण अल्बमभर स्वतःची गाणी रचायची हा निर्णयच मोठा होता. त्याला नक्कल म्हणून निकालात काढणं मला अन्यायाचं वाटतं. 1990 चा अल्बम त्याच वाटेवरचा, फक्त जागा सोडायला शिकलेला. ‘प्रिटी चाइल्ड’सारख्या संथ गाण्यात गिटार मागे सरते आणि गळ्याला वाव मिळतो. 1991 मध्ये उपग्रहावरून एमटीव्ही आशियाभर दिसू लागलं, आणि 1993 च्या एमटीव्ही पुरस्कारांत आशियातल्या प्रेक्षकांचा कौल याच गाण्याच्या व्हिडिओला मिळाला.

1995 चा ‘इंडस क्रीड’ मला चारांत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नाव बदलण्यामागे इथल्या मातीशी नातं सांगायची इच्छा होती, हे स्वच्छ दिसतं. पण नातं जुळतं ते नावामुळे नव्हे. इथे गिटार पहिल्यांदाच सगळी जागा व्यापत नाही. कणा कधी बेसकडे, कधी कीबोर्डकडे सोपवला जातो, आणि षड्ज धरून त्याच्याभोवती स्वर फिरवायची आपल्याकडची सवय रचनेत उतरते. बँडचा आवाज त्याचा स्वतःचा झाला तो या अल्बममध्ये, आणि पुढच्या दोनच वर्षांत तो थांबला याची हळहळ आजही कमी होत नाही.

‘इव्हॉल्व्ह’मध्ये जयेश गांधी नाहीत. तिनईकरांची एकच गिटार, रुशाद मिस्त्रीचा बेस, जय रो कवीचे ड्रम. गाणी आठ, आणि मिश्रण पर्ल जॅमच्या ‘टेन’चं काम केलेल्या टिम पामरचं. दोन गिटारींची भिंत गेल्यानं बालापोरियाचा कीबोर्ड मुलाम्यापुरता उरत नाही, रचनेचा भार उचलतो. बेनेगलचा आवाज खाली, मधल्या सप्तकात उतरला आहे. तो वयानं थकला म्हणून उतरला, असं पहिल्या श्रवणात वाटू शकतं. पण इथे गिटारच्या वर चढायची गरजच उरलेली नाही. गाळलेला गंधार तो शांतपणे, न ताणता घेतो, आणि तो शुद्ध आहे की कोमल हे पहिल्या ओळीतच कळतं.