निस्लेचा जंतू

पहिल्या महायुद्धात बाल्कनमधल्या दोब्रुजात आमांशाने सैनिक धडाधड आजारी पडत होते. एक जर्मन सैनिक मात्र ठणठणीत राहिला. जर्मनीतल्या फ्रायबुर्गचे जंतुशास्त्रज्ञ आल्फ्रेड निस्ले यांनी १९१७ मध्ये त्याच्या विष्ठेतून ई. कोलायचा एक वाण वेगळा केला.

ई. कोलाय म्हटलं की आपल्याला दूषित पाणीच आठवतं. निस्ले यांनी मात्र काचेच्या बशीत पाहिलं होतं, की काही माणसांच्या पोटातलं ई. कोलाय विषमज्वराच्या जंतूंना वाढूच देत नाही आणि काहींचं अगदीच दुबळं असतं. म्हणून त्यांना जोरकस वाण हवा होता. तो मिळताच त्यांनी जिवंत जंतू जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरले. ‘म्युटाफ्लोर’ नावाचं ते औषध त्याच वर्षी आलं. पेनिसिलिन तेव्हा अजून अकरा वर्षं दूर होतं!

पुढे हाच वाण अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या चिवट दाहाच्या रुग्णांपर्यंत पोहोचला. त्याचं खरं मोल मला २००४ च्या चाचणीत दिसतं. आजार शांत झालेल्या ३२७ रुग्णांपैकी काहींना मेसालाझिन हे नेहमीचं औषध दिलं, काहींना हा जंतू. चाचणीचे नियम नीट पाळणाऱ्यांत वर्षभरात आजार उलटला तो जंतू घेणाऱ्यांपैकी ३६.४ टक्के आणि मेसालाझिन घेणाऱ्यांपैकी ३३.९ टक्के लोकांत. जवळपास बरोबरी! पण हा आधार याच वाणाचा आहे आणि शांत झालेला आजार शांत ठेवण्यापुरता. क्रोन्स डिसीज या आतड्याच्या दुसऱ्या दाहाला तो लागू नाही, वाटीभर दह्यालाही नाही. ‘प्रोबायोटिक’, म्हणजे उपकारक जिवंत जंतू, एवढाच शब्द वाचून चालू गोळ्या बंद करणाऱ्या रुग्णाला कुणीतरी वेळीच थांबवायला हवं.

निस्ले १९६५ मध्ये वारले. पेशींतल्या डीएनएला इजा करणारं कोलिबॅक्टिन नावाचं द्रव्य काही ई. कोलाय बनवतात, हे २००६ मध्ये उघड झालं; त्याची जनुकं या वाणातही आहेत. ती काढून टाकावीत, तर २०१२ मधल्या उंदरांवरच्या प्रयोगात, त्यांतलं एक महत्त्वाचं जनुक निकामी करताच दाह शमवण्याचा गुणही गेला. २०१९ मध्ये संशोधकांनी एका जनुकात नेमका फेरफार केला. डीएनएला होणारी इजा थांबली आणि शत्रुजंतूंना रोखण्याची ताकद टिकून राहिली.