घरच्या भट्टीतले इंजिन

वाफेच्या इंजिनाचा विषय निघाला की आपल्याला जेम्स वॅट आणि त्याची किटली आठवते. शाळेत आपण सगळ्यांनीच ती गोष्ट ऐकलेली आहे. पण खरी गोष्ट किटलीची नाही, एका न चालणाऱ्या छोट्या मॉडेलची आहे, आणि माझ्या मते ती किटलीपेक्षा कितीतरी अधिक रंजक आहे.

ग्लासगो विद्यापीठाकडे न्यूकॉमेनच्या इंजिनाचे एक छोटे मॉडेल होते. १७६३-६४च्या हिवाळ्यात ते दुरुस्तीसाठी वॅटकडे आले. त्याचा सिलिंडर जेमतेम दोन इंच व्यासाचा. वॅटने ते नीट केले, बॉयलर पेटवला, तर चार-सहा हेलकावे देऊन यंत्र थांबले. खाणीतले मोठे इंजिन दिवसरात्र चालते आणि त्याची हुबेहूब प्रतिकृती का चालत नाही? याचे उत्तर साध्या भूमितीत आहे. एखादी वस्तू सर्व बाजूंनी निम्मी केली तर तिचे पृष्ठफळ चौथाई होते, घनफळ मात्र एक अष्टमांश. म्हणजे वाफ आठव्या हिश्श्याची राहिली, पण तिला थंड करणारी भिंत चौथ्या हिश्श्याची. छोट्या सिलिंडरमध्ये वाफ भरण्यापूर्वीच तिचे पाणी होऊन जाते. मोठ्या इंजिनातही हीच उधळपट्टी चालू होती, फक्त कोळसा खाणीच्या तोंडाशीच असल्याने ती कोणाच्या डोळ्यांत सलत नव्हती. मॉडेलने ती उघडी पाडली. त्यातून १७६५ साली वॅटला वेगळ्या कंडेन्सरची कल्पना सुचली आणि १७६९ साली पेटंट मिळाले.

म्हणून घरच्या खोलीत लेथ मांडून वीतभर इंजिन बनवणाऱ्या माणसाला कोणी ‘खेळण्याचा नाद’ म्हटले की मला ते पटत नाही. लहान इंजिन बनवणे हे मोठ्यापेक्षा सोपे नसते. सिलिंडर आतून अगदी गोल आणि सरळ कातावा लागतो. दट्ट्या त्यात सैल बसला तर वाफ निसटते, घट्ट बसला तर हलत नाही. झडप केसभर लवकर उघडली तर चाक उलटे जोर करते. आणि बॉयलरशी तर चेष्टाच नको, सेफ्टी व्हॉल्व्ह नीट नसेल तर तो बॉम्बच.

आता आपल्याकडे येऊ. बंगालमधील श्रीरामपूरला विल्यम केरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी छापखान्यासाठी कागदाची गिरणी काढली होती. तिच्यासाठी १८२० साली इंग्लंडहून बारा अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन आले. ते बघायला लोक लोटले. नदीच्या पलीकडे टिटागड आहे. तिथला गोलकचंद्र नावाचा लोहारही या बघ्यांत होता. त्याने ते यंत्र बघितले आणि कोणाही युरोपियनाच्या मदतीशिवाय तसेच एक छोटे इंजिन घडवले. जानेवारी १८२८मध्ये कलकत्त्याच्या कृषी व उद्यानविद्या संस्थेच्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि त्याला पन्नास रुपयांचे बक्षीस मिळाले. पन्नास रुपये! हातात इंग्रजी पुस्तक नाही, आराखडा नाही. होता तो डोळा, भाता आणि घण.

दुसरी गोष्ट मुंबईची. वाडिया घराणे मूळचे सुरतेचे. १७३६ साली लवजी नसरवानजी मुंबईत जहाजबांधणीसाठी आले आणि पुढे पिढ्यानपिढ्या गोदीचे कारभारी याच घराण्यातले. १८२९ साली नवरोजी जमशेटजींनी ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईतच बांधली. इंजिने मात्र विलायतेची. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून सुएझला निघाली. साडेपाच दिवसांच्या कोळशाची जागा असलेल्या या बोटीला एडनपर्यंत पुरेल इतका कोळसा नेणे भाग होते, म्हणून मिळेल त्या कोपऱ्यात कोळसा भरला होता!

या गोदीत १८२२ साली, चौदाव्या वर्षी, अर्देशीर कर्सेटजी कामाला लागला. त्याचा जन्म १८०८चा. लाकडी जहाजांच्या घरात वाढलेल्या या मुलाला वेड लागले ते वाफेचे. १८३३च्या सुमारास त्याने एक अश्वशक्तीचे इंजिन स्वतः तयार केले. त्याला पंप जोडला. पंपाने विहिरीचे पाणी वर चढायचे आणि एक छोटे कारंजे उडायचे. त्याच वर्षी साठ टनांच्या ‘इंडस’ नावाच्या जहाजावर त्याने वाफेचे इंजिन बसवले, आणि १८३४ साली माझगावच्या आपल्या बंगल्यात व बागेत गॅसचे दिवे लावले. ते पाहायला गव्हर्नर लॉर्ड क्लेअर स्वतः आले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ सुरू झाले ते १८३२ साली. म्हणजे आपल्या भाषेत पहिले वर्तमानपत्र आणि मुंबईकराच्या हातचे वाफेचे इंजिन, ही दोन्ही एका शहरातली आणि वर्षा-दोन वर्षांच्या अंतरातली. पहिल्याचा उत्सव आपण दरवर्षी करतो. दुसरे कोणाला ठाऊकही नाही.

पुढे अर्देशीर इंग्लंडला गेला. त्या प्रवासाची त्याची इंग्रजी दैनंदिनी १८४० साली लंडनला छापली गेली. २७ मे १८४१ रोजी तो रॉयल सोसायटीचा फेलो निवडला गेला, पहिला भारतीय. दुसरा होण्यासाठी १९१८ साल उजाडावे लागले, आणि तो दुसरा म्हणजे रामानुजन! मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचा तो मुख्य अभियंता झाला. हाताखाली सुमारे शंभर युरोपियन इंजिनियर व बॉयलर बनवणारे आणि सुमारे दोनशे देशी कारागीर. एका नेटिव्हाने गोऱ्यांना हुकूम द्यायचा, हे त्या काळच्या इंग्रजी वृत्तपत्रांना रुचले नाही. त्यावर बरीच टीका झाली. तो मात्र १८५७पर्यंत टिकला.

काही वर्षांपूर्वी कापसाच्या हंगामात भैंशाला जाणे झाले. तेव्हाचा आदिलाबाद, २०१६पासून निर्मल जिल्हा. तेलुगू, उर्दू आणि मराठी तिन्ही भाषा बाजारात सहज कानावर पडतात, आणि गावाबाहेर जिनिंगचे कारखाने. तिथे उभे असताना मनात आले की, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडात आणि दख्खनच्या कापूसपट्ट्यात जिन व प्रेस वाफेवर चालू लागले, तेव्हा प्रत्येक इंजिन विलायतेहून पेट्यांत भरून आले. ते बिघडले की गावचा लोहार-मिस्त्रीच ते उघडायचा आणि दुरुस्तही करायचा. म्हणजे गोलकचंद्र गावोगाव होते. त्यांना बनवायला कोणी सांगितले नाही, फक्त दुरुस्तीला बोलावले.

अर्देशीरच्या स्टीम फॅक्टरीचेही हेच. तिथे प्रामुख्याने दुरुस्ती व जुळणी चाले. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली ती विलायती इंजिनांवर. आपल्या गोव्यात मुरगावपासून घाट चढून जाणारी पोर्तुगीज रेल्वे १८८८ साली पुरी झाली, तिचीही कथा निराळी नाही. भारतात पूर्ण बांधलेले पहिले रेल्वे इंजिन अजमेरच्या कारखान्यातून बाहेर पडले ते १८९५ साली. कारंज्याच्या इंजिनानंतर बासष्ट वर्षांनी! हातात कसब नव्हते असे कोणी म्हणू नये. मागणी, भांडवल आणि हुकूम, या तिन्ही गोष्टी लंडनमध्ये होत्या. आणि थोडा दोष आपलाही: ज्यांनी लिहायचे त्यांनी घणाला हात लावायचा नाही आणि ज्यांच्या हाती घण त्यांनी लिहायचे नाही, ही वाटणी आपण फार जपली. अर्देशीरने दैनंदिनी लिहिली म्हणून तो बराचसा कळतो. गोलकचंद्र एका प्रदर्शनाच्या बक्षिसापुरताच उरला.

असो. अर्देशीर १८६१ साली सिंधू नदीवरच्या आगबोटींच्या कंपनीत पुन्हा कामाला लागला, नंतर इंग्लंडला जाऊन राहिला आणि १८७७ साली रिचमंड येथे वारला. १९६९ साली भारतीय टपाल खात्याने त्याचे वीस पैशांचे तिकीट काढले. जुनी तिकिटे जमवणाऱ्यांकडे ते अजून सापडते.