निघत दाद आणि पाकिस्तानातील डिजिटल हक्क

पाकिस्तानात सप्टेंबर २०१२ मध्ये यूट्यूबवर बंदी आली आणि ती जानेवारी २०१६ पर्यंत टिकली. त्या काळात डिजिटल हक्कांची चर्चा मुख्यतः अशा सरकारी बंदीभोवतीच फिरे. लाहोरच्या वकील निघत दाद यांनी तिच्यात घरातल्या पहाऱ्याचा प्रश्न आणला. मुलीच्या हातातला मोबाइल संशयाने पाहिला जातो, हा अनुभव त्यांचा स्वतःचाही होता. २०१२ मध्येच त्यांनी डिजिटल राइट्स फाउंडेशन स्थापन केले. ‘हमारा इंटरनेट’ या मोहिमेतून ही संस्था मुलींना खाते सुरक्षित कसे ठेवावे, छळ झाल्यास काय करावे, हे शिकवू लागली.

जुलै २०१६ मध्ये समाजमाध्यमांवर गाजलेल्या कंदील बलोच यांचा भावानेच खून केला. पुढच्याच महिन्यात सायबर गुन्ह्यांचा कायदा, ‘पेका’, संमत झाला. स्त्रियांना संरक्षण हवे, हे सरकारचे एक समर्थन होते. कायद्याच्या मोघम व्याख्यांमुळे अभिव्यक्तीवर गदा येईल, असा इशारा दाद आणि इतर कार्यकर्त्यांनी आधीच दिला होता. तरी डिसेंबरमध्ये त्यांच्या संस्थेने छळग्रस्तांसाठी हेल्पलाइन सुरू केली आणि तक्रारदारांना तपासयंत्रणेकडे जाण्याची वाट दाखवू लागली. ही विसंगती वाटेल. पण फोटोवरून धमकावल्या जाणाऱ्या मुलीला नवा, निर्दोष कायदा येईपर्यंत थांबायला सांगता येत नाही.

मोघम व्याख्यांबद्दलची भीती खरी ठरली. २०१८ मध्ये गायिका मीशा शफी यांनी लैंगिक छळाचा आरोप जाहीर केला. त्यांच्या वकिलांत दाद होत्या. २०२० मध्ये शफी आणि इतरांवरच ‘पेका’च्या कलम २० खाली बदनामीचा गुन्हा नोंदला गेला. व्यक्तीच्या प्रतिष्ठेच्या रक्षणासाठी केलेले कलम आरोप करणाऱ्या स्त्रीवर उलटले होते. भारतातही माहिती तंत्रज्ञान कायद्यातील मोघम शब्दांच्या कलम ६६अ खाली २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. ते कलम २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले.

दरम्यान, मे २०२० मध्ये फेसबुकच्या देखरेख मंडळाच्या पहिल्या २० सदस्यांत दाद यांची निवड झाली. एप्रिल २०२२ मध्ये इस्लामाबाद उच्च न्यायालयाने ‘पेका’ कडक करणारा अध्यादेश रद्द केला आणि कलम २० मधील प्रतिष्ठेला हानी पोचवण्याचा भागही घटनाबाह्य ठरवला. जानेवारी २०२५ मध्ये संसदेने याच कायद्यात खोट्या माहितीसाठी ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली.