कांठची झाडी आणि जमिनीची सपाटी : उल्हास-वालधुनीच्या खोऱ्यांतील एक जुना प्रश्न

अंबरनाथ येथील शिवालयाच्या शिलालेखाचा शक ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा आतां सर्वमान्य झाला आहे. आरंभीं तो ७८२ असा वाचला गेल्यामुळें देवालयाचें वय उगाच दोनशें वर्षांनीं वाढलें होतें. पुढें तें वाचन सुधारलें. शिलाहार महामंडलेश्वर मम्वाणिराजाचें नांव ह्या लेखांत आहे. भूमिज पद्धतीचें शिखर, पायऱ्या उतरून जावें लागतें असा खोल गाभारा, भिंतींवरील मूर्ति, यांविषयीं विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें आहे. १८६८ सालीं मुंबई सरकारनें तेथील नकाशे, चित्रें व साचे करविले तेव्हांपासून या वास्तूचा एकेक थर मोजला गेला. मात्र ज्या वालधुनीच्या कांठीं ती उभी आहे त्या कांठाकडे इतिहासाभ्यासकांचें लक्ष फारसें गेलें नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय तो कांठ होय.

हा विषय इतिहास-संशोधनाच्या कक्षेंतला नव्हे असें प्रथमदर्शनीं कोणी म्हणेल. अंबरनाथच्या पूर्वेस आनंदनगर या नांवाची औद्योगिक वसाहत आहे, आणि तिच्या आसपास अंबरनाथपासून बदलापुरापर्यंत इमारतींची रांग वाढत चालली आहे. कारखाना असो वा इमारत असो, तिच्या आधीं जमीन सपाट करावी लागते, आणि कोंकणांतली जमीन स्वभावतः सपाट नाहीं. म्हणून टेंकाड फोडून मुरूम काढावयाचा, तो खाचरांत भरावयाचा, बांध मोडावयाचे व ओहोळ सरळ करावयाचे अशी रीत पडली आहे. हें काम अर्धवट असतां पावसाळा आला म्हणजे उघडी पडलेली माती ओहोळांत जाते. ओहोळ आणि उघडी जमीन यांच्यामध्यें गवत, झुडुपें व झाडें यांचा एक पट्टा जसाच्या तसा राखला तर ती तेथें अडते. हा पट्टा किती रुंद असावा, त्यांत काय असावें, तो कोणीं राखावा, हे प्रश्न आज स्थापत्यशास्त्रज्ञांचे व कायदेपंडितांचे समजले जातात. आमचें म्हणणें असें कीं ते सीमाशास्त्राचेहि प्रश्न आहेत, आणि आपल्या संग्रहांतील जुने ग्रंथ व कागद कांठाविषयीं जें सांगतात तें आजच्या नियमांत उतरलेलें नाहीं.

प्रथम स्थलाचा विचार करूं. उल्हास नदी राजमाचीच्या परिसरांत सह्याद्रींत उगम पावून कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर अशी वाहत पुढें खाडीस मिळते. वालधुनी काकोळ्याच्या डोंगरांतून निघून अंबरनाथ व उल्हासनगर यांमधून कल्याणकडे जाते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत या भागांत अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास वा त्याहून अधिक पाऊस पडतो. उघड्या मातीवर थेंब पडला म्हणजे ढेंकूळ फुटतें, कण पाण्यांत मिसळतात, आणि उतार असेल त्या मानानें पाणी वेग घेतें. तेंच पाणी गवताच्या देठांत शिरलें कीं वेग मोडतो, व वेग मोडला कीं जड कण खालीं बसतात. झाडांचीं मुळें कांठ धरून ठेवतात तें निराळेंच. शेतकऱ्यास हें शिकवावें लागत नाहीं. बांधावरचें गवत तो कापतो, उपटीत नाहीं. जी माती कांठावर बसत नाहीं ती पात्राच्या तळाशीं बसते, पात्र उथळ होतें, आणि तेवढाच पाऊस पुढच्या वर्षीं अधिक पसरतो.

आतां ग्रंथांकडे वळूं. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत या विषयाचीं दोन स्थळें आहेत. पहिलें दकार्गलाध्यायाच्या शेवटाकडे येतें. तळ्याची पाळ पूर्व-पश्चिम लांब असावी, दक्षिणोत्तर नसावी, कारण वाऱ्यानें उठलेल्या लाटा तशी पाळ फोडतात, असें तो सांगतो. तशीच पाळ घालावयाची असेल तर बळकट लाकडांनीं वा दगडांनीं पाण्याचा मारा अडवावा, भर हत्ती-घोड्यांकडून तुडवून घ्यावी, असा उपाय देतो. आणि लगेच कांठ झाडांनीं झांकावा असें म्हणून झाडांचीं नांवें मोजतो : अर्जुन, वड, आंबा, प्लक्ष, कदंब, निचुल, जांभूळ, वेतस, नीप, कुरबक, ताड, अशोक, मोह आणि बकुळ. येथें झाडें केवळ शोभेकरितां सांगितलेलीं नाहींत हें क्रमावरूनच उघड आहे. आधीं लाटांनीं होणारी झीज, मग दगड-लाकूड, मग तुडविलेली माती आणि मग झाडी. शोभेचा विचार तो वृक्षायुर्वेदाध्यायाच्या आरंभीं निराळा करतो. छायेवांचून जलाशय मनोहर दिसत नाहीं म्हणून कांठीं बागा कराव्या असें तेथें म्हटलें आहे. दोन अध्याय, दोन हेतु.

तळ्याचा नियम नदीस कसा लावावा, असा आक्षेप येईल. आक्षेप रास्त आहे. परंतु यादींतील अर्जुन, निचुल, जांभूळ, वेतस हीं झाडें मुळांत ओढ्या-नद्यांच्या कांठचींच. तळ्याच्या पाळीवर तीं नदीवरूनच आणलीं असलीं पाहिजेत. म्हणजे शास्त्रकारानें नदीपासून जें शिकलें तें तळ्यास लाविलें, असें आम्ही समजतों.

दुसरें स्थळ वास्तुविद्याध्यायांतील. ज्योतिष्यानें सांगितलेल्या वेळीं घरधनी जमिनीवर जातो, ती जमीन कशी असावी तर नांगरलेली, बीं उगवलेली, गाईंनीं जिच्यावर वास केला आहे अशी. मयमतांतहि नांगरणी, पेरणी व गाईंचें चरणें हा क्रम आहे. या विधीचा हेतु शुद्धीचा व भूमिपरीक्षेचा, मातीच्या धुपीचा नव्हे, हें कबूल. पण विधीचें फळ काय होतें तेंहि पाहावें. नांगर फिरल्यावर आणि पाया खणण्यापूर्वीं मधल्या काळांत जमीन उघडी राहत नाहीं. तिच्यावर एक पीक उभें राहतें. आजच्या ठेकेदारास हा विधि सांगितला तर तो हंसेल. एका पावसाळ्याचा खोळंबा त्याला परवडणार नाहीं, आणि त्याची अडचण खोटीहि नाहीं.

आतां सीमा. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतील सीमाविवादाचें प्रकरण आम्हीं वर्गांत अनेक वर्षें शिकविलें, व विद्यार्थी त्याला नेहमीं कंटाळत. त्यांत गांवच्या शिवेवर वड, पिंपळ, पळस, सांवर, साल, ताड व चिकाचीं झाडें लावावीं असें आहे. त्याच्या पुढच्याच श्लोकांत झुडुपें, वेळू, शमी, वेली, उंचवटे व शर नांवाचें गवत यांची योजना आहे. त्यांनीं सीमा नाश पावत नाहीं असें कारण दिलें आहे. तळीं, विहिरी, झरे व देवालयें शिवांच्या सांध्यावर असावीं असेंहि सांगितलें आहे. म्हणजे शीव ही रेषा नव्हे. तिला रुंदी आहे, आणि त्या रुंदींत मोठीं झाडें, झुडुपें व गवत असे तीन थर आहेत. आजचे जाणकार कांठच्या पट्ट्यांत हेच तीन थर मागतात. दिसणाऱ्या खुणा नाहींशा होतील या भीतीनें दगड, हाडें, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, वाळू अशा वस्तु जमिनींत पुरून ठेवण्याचीहि आज्ञा पुढें आहे. सपाटी करणारें यंत्र एका दिवसांत वरची खूणहि काढतें आणि पुरलेलीहि.

शिलाहारांच्या व त्यांच्या आधींच्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गांवाची चतुःसीमा येते, आणि वृक्षमालांसह, तृण-काष्ठ-उदकांसह गांव दिल्याचीं विशेषणें येतात. हीच परंपरा मराठी सनदांत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप या ठराविक शब्दांनीं उतरली आहे. संग्राहकांस हे शब्द इतके परिचयाचे आहेत कीं डोळा त्यांवरून घसरतो. पण क्रम पाहावा. पाणी पहिलें, त्याला लागून झाड, त्याला लागून गवत. निधि व निक्षेप शेवटीं. इनामदाराच्या हक्कांची ही गणना असली तरी झाड व गवत यांना जमिनीवरचा केरकचरा न मानतां स्वतंत्र वस्तु मानलें आहे. आजच्या सात-बाराच्या उताऱ्यांतहि झाडांची नोंद होते, पण जमिनीचा भाव ठरतो तो क्षेत्रावर.

रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या आज्ञापत्रांतील आरमाराचें प्रकरण सर्वांस ठाऊक आहे : आंबा-फणसाचीं झाडें तोडूं नयेत, कारण तीं रयतेनें लेंकरासारखीं वाढविलेलीं असतात. आमच्या विषयास त्याहून जवळचें प्रकरण दुर्गांचें आहे. गडाभोंवतालची झाडी प्रयत्नानें वाढवावी, तींतली काठीहि तोडूं देऊं नये, असा त्याचा आशय आहे. ती झाडी शत्रूस अडविण्याकरितां होती, मातीस नव्हे. परंतु एखाद्या जागेभोंवतीं जिवंत झाडीचा पट्टा राखणें हें राज्याचें काम आहे, आणि तो पट्टा राखण्याची जोखीम नेमल्या माणसांवर आहे, ही कल्पना त्यांत पुरी आली आहे.

गांवांचीं नांवें हें आणखी एक साधन. जांभूळ व जांभिवली, वडवली, बेलवली, आंबेशिव, एरंजाड. अंबरनाथ-बदलापूरच्या टापूंतलीं हीं नांवें वाचलीं म्हणजे वराहमिहिराची यादीच उलगडल्यासारखी वाटते. प्रत्येक नांवाची व्युत्पत्ति झाडावरूनच लावावी असा आमचा आग्रह नाहीं. स्थलनामांच्या बाबतींत उतावीळपणानें पुष्कळ घोटाळे झाले आहेत. तरी जांभूळ हें पाण्याजवळचें झाड, आणि जांभूळ हें गांवहि उल्हासच्या खोऱ्यांतलेंच, हा योग अगदींच निरर्थक नसावा. चिखलोलीच्या नांवांत चिखल आहे कीं काय, तें वाचकांवर सोडतों. कांठावर वाढणाऱ्या लव्हाळ्याची गोष्ट मात्र निराळी. तुकोबांच्या अभंगामुळें त्याची सोय झाली.

या खोऱ्यांत मातीची मोठी उलथापालथ प्रथम लोहमार्गानें केली. कल्याणपर्यंत आगगाडी १८५४ सालीं आली व १८५६ सालीं ती बदलापुरावरून पळसदरीकडे गेली. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्करी छावणी पडली. फाळणीनंतर सिंधी निर्वासित त्या छावणींत उतरले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. नगराला नांव मिळालें उल्हास नदीचें आणि त्याच्या पोटांतून वाहते ती वालधुनी. निराधार होऊन आलेल्या लोकांना त्या वेळीं कांठ सोडून वसा असें सांगणें निर्दयपणाचें झालें असतें. पुढें १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. त्यानंतरच्या वसाहतींना तें कारण देतां येत नाहीं.

नियम झाले नाहींत असें नव्हे. २००० सालीं महाराष्ट्र सरकारनें नद्यांपासून उद्योगांचें अंतर ठरविणारें धोरण काढलें. तें २०१५ सालीं रद्द झालें. त्याच सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल ९५ कोटी रुपये भरण्याचा हुकूम दिला. वाद सांडपाण्याचा होता, कांठाचा नव्हे. पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी रेषा व शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची तांबडी रेषा आंखण्याची पद्धत आहे. या रेषा आंखल्या नसतील तेथें नदीपासून १५ मीटर सोडून बांधकाम करावें असें बांधकाम-नियमावली सांगते. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनें वीस हजार चौरस मीटरांहून मोठ्या बांधकामांस पर्यावरणाची पूर्वपरवानगी लागते. हें सर्व उपयुक्त आहे. मात्र त्या १५ मीटरांत काय उभें असावें याविषयीं अंतराचा नियम मुका आहे. तेथें मुरूम पसरला, फरशी घातली, वाहनें उभीं केलीं, तरी अंतर भरतें. अमेरिकेंत पर्यावरण-संरक्षण खात्याच्या २०१२ च्या बांधकाम-परवान्यांत पाण्यालगत ५० फूट नैसर्गिक पट्टा न हलवितां राखावा, नाहीं तर तेवढाच गाळ अडेल अशी दुसरी व्यवस्था करावी, असें कलम आलें. ५० फूट म्हणजे १५ मीटरच. अंक एक, पण तिकडे झाडी मोजली जाते व इकडे अंतर.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टींत बदलापूर, उल्हासनगर व कल्याण यांत पाणी शिरलें. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकली, आणि हजाराहून अधिक प्रवाशांस नावांतून काढावें लागलें. या पुरांचें मुख्य कारण पाऊस. त्यांचा सगळा दोष जमिनीच्या सपाटीवर टाकणें हें प्रमाणाला सोडून होईल. पण नदी पूर्वीं कोठवर येत असे, तिचा कांठ कोठें होता, हा प्रश्न प्रत्येक पुरानंतर विचारला जातो, आणि त्याचें उत्तर देणारीं झाडें व बांध जाग्यावर नाहींत.

तें उत्तर कागदांत आहे. ठाणें-कल्याण भागांतील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत शिवेच्या वादांचे महजर, निवाडे व थळझाडे असतात. असे कागद छापतांना वंशावळी, हुद्दे, शिक्के यांवर संपादक पानेंच्या पानें खर्च करतात, आणि चतुःसीमेचा भाग रुक्ष म्हणून गाळतात, अगर तेथें ‘वगैरे’ लिहून मोकळे होतात. ही रीत सोडावी अशी सभासदांस आमची विनंति आहे. विशेषतः उल्हास, वालधुनी व बारवी यांच्या कांठच्या गांवांचे कागद ज्यांच्यापाशीं असतील त्यांनीं ते विकण्यापूर्वीं वा वाळवीच्या हवालीं होण्यापूर्वीं एकदां या दृष्टीनें पाहावे. बाकीची नक्कल सवडीनें झाली तरी चालेल. पण नदीच्या कोणत्या अंगास कोणतें झाड सांगितलें आहे, आणि शीव पात्राच्या मध्यावर धरली आहे कीं कांठावर, एवढ्या दोन गोष्टी मात्र अक्षरशः उतरून घ्याव्या.